डिकीतली वाळू

ता. ३ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं आणि त्यातला गाडीचा फोटोही मिळाला. अभिनंदन. मनापासून अभिनंदन असं लिहिणार होते, पण तू मला ओळखतेस, तेव्हा नुसतंच घे. फोनवर बोलले असते तर दोन मिनिटांत भांडण झालं असतं आणि बाबांनी रिसीव्हर हातातून काढून घेतला असता, म्हणून पत्रच बरं.

फोटो आल्यापासून घरात दुसरा विषय नाही. बाबांच्या डोळ्यांवरचा पडदा वाढलाय, फोटो त्यांना धड दिसत नाही. तरी भिंग घेऊन खिडकीपाशी बसतात आणि बॉनेट किती आखूड आहे, चाकं कुठे येतात, असं मला विचारत राहतात. काल नर्सबाई गाडी शिकायला आल्या होत्या. मी त्यांना क्लच समजावत होते, तर बाबा फोटो घेऊन अंगणात आले आणि म्हणाले की आमच्या धाकटीनं पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घेतली, तिला पहिल्यापासूनच यंत्रातलं कळतं. ऐकलंस? पहिल्यापासूनच! बाबांची ड्रायव्हिंग स्कूल आता चालवते मी. शाळेच्या जुन्या गाडीचं, आपल्या म्हातारीचं, ऑइल बदलते मी, तिच्या पोटाखाली उताणी झोपते मी, आणि यंत्रातलं कळतं तुला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच म्हणत असावेत.

बरं, आता तुझ्या त्या डबड्याबद्दल. इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, आणि पुढचीच चाकं गाडी ओढणार. आपल्या म्हातारीचं इंजिन पुढे असलं तरी तिच्या पोटाखालून लांब दांडा मागे जातो, मागची चाकं ढकलतात आणि पुढच्यांनी फक्त वळायचं. कामाची वाटणी आहे. तुझ्याकडे ओढायचंही पुढच्यांनी आणि वळायचंही पुढच्यांनीच. मागची दोन आपली लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखी मागनं येणार. दोन्ही कामं एकीच्याच गळ्यात पडली की काय होतं ते मला विचार. पुढचे टायर लवकर झिजतील. वळणावर जोर केलास तर गाडी वळायचं सोडून सरळ निघेल. पुढच्या चाकांच्या सांध्यांवर रबरी टोप्या असतात, त्या फाटल्या की आत माती जाऊन कटकट सुरू होते, तेवढं बघत जा. आशीर्वादाच्या पत्रात असलं लिहू नये, पण लिहून झालं.

गाडीवर जेवढा जीव आहे त्याच्या निम्मा इकडे ठेव, म्हणजे पुरे.

तुझी,
ताई


ता. ११ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकीट उघडायच्या आधीच मला मिरच्यांचा वास आला. इतक्या झोंबल्या का गं?

तू सांगितलेले दोष खरे आहेत. आमच्या हॉस्पिटलच्या फाटकापाशी मी एकदा वेगात वळवायला गेले तर गाडी सरळ वॉचमनच्या खुर्चीकडे निघाली. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला तशी गुमान वळली. वॉचमन मात्र अजून मला बघितलं की खुर्ची उचलून आत नेतो. पण गुणही ऐकून घे. तो तुझा लांब दांडा नाही, म्हणून गाडीच्या आत मधोमध उंचवटा नाही, मागे तिघं पाय पसरून बसतात. लोखंड कमी म्हणून वजन कमी, म्हणून पेट्रोलही कमी. आणि इंजिनाचं सगळं ओझं ओढणाऱ्या चाकांवरच पडतं, त्यामुळे ओल्या रस्त्यावर ती पाय रोवून चालते. पावसात म्हातारीचं बूड फिरायचं आणि तू शिव्या घालायचीस, विसरलीस?

बाबा तुझ्यासमोर माझं कौतुक करतात, हे वाचून मला हसावं की रडावं कळेना. मला त्यांच्या तोंडून फक्त तुझंच ऐकू येतं. मी फोनवर सांगते की लॅबमध्ये नवं मशीन आलंय आणि ते माझ्या हाताखाली दिलंय. ते म्हणतात की छान, ताईनं परवा एकटीनं गिअरबॉक्स उतरवला. दर वेळी तेच. आणि काडेपेटी मी विसरले असं समजू नकोस. बाबांची ती परीक्षा, चढावर मध्येच गाडी थांबवायची, मागच्या चाकाला मागून टेकवून काडेपेटी ठेवायची, आणि ती न चिरडता गाडी वर काढायची. तू पहिल्याच खेपेला काढलीस. मी चिरडली. त्यांनी ती चपटी काडेपेटी उचलली आणि ताईकडे बघ, एवढंच म्हणाले. मी पुन्हा परीक्षेला बसले नाही, इथे येऊन लायसन्स काढलं. शाळा तुला, म्हातारी तुला, बाबाही तुला. मी जळत नाही असं कोण म्हणतं? जळते.

म्हणून सरळ विचारते. थंडीचे महिने बाबांना माझ्याकडे पाठव. इथे घर तळमजल्यावर आहे, उबदार आहे, त्यांच्या गुडघ्यांना बरं पडेल. मी स्वतः गाडी घेऊन न्यायला येते. ते एकदा माझ्या शेजारच्या सीटवर बसून बघू देत, बाकी मला काही नको.

हे पत्र त्यांना वाचून दाखवशील तेव्हा मधलं काही गाळू नकोस. तू गाळतेस, मला माहीत आहे.

रागावलीस तरी चालेल, पण रागाच्या खाली असतो तो लोभ राहू दे.

तुझी,
धाकटी


ता. १९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बाबांना वाचून दाखवलं. घसा बसला होता, त्यामुळे मधला थोडा मजकूर राहिला. निमंत्रण मात्र वाचलं. ते ऐकल्याबरोबर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की आपले लोकरीचे मोजे कुठे ठेवलेत. मी काय करीन, एकटी कशी राहीन, जेवीन की नाही, काही नाही. मोजे! मी कपाटातून काढून दिले. इतक्या वर्षांत मला कधी एवढं वाईट वाटलं नव्हतं, आणि तेही मोज्यांवरून.

तू नेशील आणि ते तिथेच रमतील, ही मला धास्ती आहे. लपवून काय करू? उबदार घर, नवी गाडी, यंत्रातलं कळणारी लेक. इथे काय आहे? घरापुढचा चढ, मी आणि म्हातारी.

पण न्यायला येऊ नकोस असं म्हणणार नाही. एकच अट आहे. बाबांचे गुडघे असे झालेत की ते चढावर पाऊल टाकत नाहीत. दारातल्या दोन पायऱ्यासुद्धा माझा खांदा धरून उतरतात. म्हातारीतून मी त्यांना खाली आणून सोडणार नाही. नेणारीनं दारातून न्यावं. गाडी दारापर्यंत आली तर बाबा तुझे, नाही आली तर चहा पिऊन परत जा.

चढ सध्या ओला आहे आणि खडी सुटली आहे. खाली शिंप्याच्या दुकानाशी आपली वाळूची पोती ठेवलेली असतातच. नेहमीसारखी दोन्ही डिकीत टाक आणि मगच चढाला लाग.

तुझ्यावरची माया आटलेली नाही, फक्त सध्या जरा खोल गेली आहे.

ताई


ता. ९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. बाबा मजेत आहेत. वाटेत त्यांनी दोनदा खिडकी खाली करून इंजिन ऐकलं आणि एकदा मला गिअर बदलायला लावला.

तू वर दारात उभी होतीस, त्यामुळे चढावर काय झालं ते तुला अर्धंच दिसलं. उरलेलं सांगते. शिंप्यानं हात लावला आणि आम्ही दोन्ही पोती डिकीत टाकली. मला जराही शंका आली नाही. आपण शेंबड्या होतो तेव्हापासून थंडीत त्या चढाला लागताना डिकीत वाळू टाकायचीच, हे घरात ठरलेलं. म्हातारीची मागची चाकं ढकलतात, ती दाबली की पकड येते. हात आपोआप पोत्यांकडे गेले. शिवाय तू लिहिलं होतंस, म्हणजे ते बरोबरच असणार.

अर्ध्यावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. खडी उडाली, रबर जळल्याचा वास आला आणि गाडी मागे सरकायला लागली. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. शिंपी आणि त्याची गिऱ्हाईकं दुकानाबाहेर येऊन बघत होती. तू वर पदर खोचून उभी होतीस. हसत होतीस की नाही ते मला एवढ्या लांबून दिसलं नाही आणि मी विचारतही नाही. मी खाली आले, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून चक्क रडले.

मग काठीचा आवाज आला. बाबा चढ उतरून आले होते, कुणाचाही खांदा न धरता. दिसत नसलं तरी त्यांना चाकं फिरल्याचं ऐकू आलं होतं. आल्या आल्या त्यांनी काठीनं डिकी ठोकली आणि आत काय आहे विचारलं. वाळू म्हटल्यावर कपाळाला हात लावला. म्हणाले की चढाला लागलं की ओझं आपसूकच मागे जातं, त्यात तू मागे पोती टाकलीस, म्हणजे पुढचं तोंड आणखी हलकं झालं. ओढणारी चाकं तर पुढची. जमिनीला नीट टेकलीच नाहीत तर ओढणार कुठून?

मग त्यांनी विचारलं, की पोती कुणी टाकायला सांगितली.

मी म्हटलं, सवयीनं टाकली. ताई, सवय होतीच, म्हणून हे अगदी खोटं नाही. पण तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं.

पोती उतरवली. बाबांनी गाडी वळवून उभी करायला लावली, तोंड खाली शिंप्याच्या दुकानाकडे आणि पाठ घराकडे, आणि रिव्हर्समध्ये वर चढायला सांगितलं. इंजिन उताराच्या बाजूला आलं, सगळं ओझं ओढणाऱ्या चाकांवर बसलं, आणि गाडी अशी निघाली की जणू चढ नव्हताच. मी मान मागे वळवून चालवत होते, ते बाजूनं काठी टेकत चालत होते. अर्ध्यावर आल्यावर थांब म्हणाले. मी थांबले. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, खाली टाकली आणि काठीनं उताराच्या बाजूनं पुढच्या चाकाला टेकवून सरकवली. क्लच धरला, हँडब्रेक सोडला आणि गाडी वर काढली. काडेपेटी जशीच्या तशी.

त्यांनी ती उचलून घ्यायला सांगितली, खिशात टाकली आणि एक शब्द बोलले नाहीत. मी रात्री वाट बघितली, सकाळी वाट बघितली, इथे येईपर्यंत वाट बघितली. अजून बोललेले नाहीत. तू पास झालीस तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं.

पोत्यांबद्दल तू काही लिहिणार आहेस का?

उत्तराची वाट बघते, आणि अजून तरी तुझीच आहे.

धाकटी


ता. १७ डिसेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

बाबांचं डोळ्यांचं औषध पाठवत आहे, ते तुम्ही दोघं कपाटावरच विसरून गेलात. यंत्रातलं कळतं, औषधातलं कळत नाही वाटतं.

इथे सगळं ठीक आहे. नर्सबाई आता वळणं बरी घेतात. बाबांच्या खुर्चीवर मी कुणाला बसू देत नाही. शिकाऊंचे कोट ठेवते तिच्यावर, म्हणजे रिकामी दिसत नाही. सकाळी गाडी काढताना मी अजून जोरात सांगते की निघाले, आणि मग आठवतं की ऐकायला कोणी नाही.

ते चढ उतरून खाली आले, हे मी वरून बघितलं. मी चहाचा कप घेऊन उभी होते आणि ते माझ्या शेजारून निघून गेले. माझ्यासाठी ते कधी दोन पायऱ्या एकटे उतरले नाहीत. एवढं लिहिलं की बाकीचं तुला कळेल. पोत्यांबद्दल नंतर लिहीन.

खरं सांग, माझं नाव काढतात का?

लोभाचं तुमचं तुम्ही बघा, माझ्याकडे सध्या शिल्लक नाही.

ताई


ता. २ जानेवारी

चि. ताईस,
बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

डोळ्यांमुळे हे पत्र धाकटीच्या हातून लिहवून घेत आहे. सांगेन ते जसंच्या तसं लिहायचं, असं तिला बजावलं आहे. (बजावलं आहे. कंसातलं माझं आहे. – धाकटी)

माझी तब्येत उत्तम आहे. गुडघे बरे आहेत. धाकटीची गाडी चांगली आहे, पण ही क्लच सोडते तेव्हा माझी मान हलते. तू सोडलास की गाडी कधी निघाली ते मागच्याला कळतही नाही. (हे मी रोज ऐकते.) इथे सगळ्या गाड्या पुढच्या चाकांच्या आहेत. पुढेमागे शाळेलाही एक तशीच घ्यावी लागेल, शिकाऊंना बाहेर तीच चालवायची आहे. पण मागून ढकलणारी गाडी हाताला जे शिकवते ते वेगळं, म्हणून म्हातारीला विकू नकोस.

माझे डोळे गेले तेव्हा मी शाळा बंद करायची ठरवली होती, हे तुला ठाऊक नसेल. पाटी उतरवायला माणूसही बोलावला होता. त्या सकाळी तू मला काही विचारलं नाहीस. खुंटीवरची किल्ली घेतलीस आणि पहिल्या शिकाऊला घेऊन निघालीस. मी खुर्चीत बसून कान लावला होता. खालच्या वळणापर्यंत गाडी ऐकू येते. एकदाही गिअर कडकडला नाही. मी त्या माणसाला परत पाठवलं. तुझ्याइतका चांगला हात मी आजवर पाहिला नाही, आणि त्यात माझाही धरतो. (इथे अक्षर बिघडलं आहे, समजून घे.)

हे तोंडावर बोलायला मला जमत नाही. एका लेकीसमोर दुसरीबद्दल बोलता येतं, ते सोपं जातं. (मी काही म्हणत नाही.)

थंडी सरली की मी परत येणार आहे. धाकटी राहा म्हणते. पण सकाळी म्हातारी चालू झाल्याचं ऐकू आलं नाही की माझा दिवसच सुरू होत नाही. (हे लिहून झाल्यावर मी पाच मिनिटं उठून गेले होते. परत आले आणि पुढचं लिहिलं.)

जेवणखाण वेळेवर करत जा. माझी खुर्ची ओली होऊ देऊ नकोस.

तुझ्यावर लोभ होता, आहे, आणि तो तुला दिसला नसेल तर चूक माझी.

बाबा


ता. १० जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

बाबांचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा बाबांचं म्हणून वाचलं. मग लक्षात आलं की अक्षर तुझं आहे. त्यांनी माझं एवढं कौतुक केलं, ते समोर बसून तू ऐकलंस आणि जळत जळत पानावर उतरवलंस. हाताबद्दलचं वाक्य तू गाळलं असतंस तर मला कळलं नसतं. त्यांना तर दिसतच नाही, त्यांनाही कळलं नसतं. मी तुझ्या जागी असते तर गाळलं असतं. असते तर कशाला म्हणू? गाळलंच आहे.

ते आता लिहिते. तुम्ही निघालात त्या सकाळी मी त्यांची पिशवी भरत होते, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. खिशातली काडेपेटी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले की इतकी वर्षं शिकवतोय, पण उलट्या गाडीनं, मान मागे वळवून, रडून सुजलेल्या डोळ्यांनी ही परीक्षा पास झालेलं दुसरं कोणी मी पाहिलं नाही. म्हणाले, धाकटीला तेव्हा मी पुन्हा बसवायला हवं होतं. आणि शेवटी म्हणाले, की तिला सांग.

तिला सांग म्हणाले, आणि मी सांगितलं नाही. तू अंगणात गाडी पुसत होतीस, मी दारातून बघत होते आणि गप्प राहिले. मग तू पत्रात लिहिलंस की अजून वाट बघतेस, तरीही गप्प राहिले. काडेपेटी या पाकिटात घातली आहे. काड्या काढून घेतल्या, पोस्टात चालत नाहीत. खोका चेपला तर पोस्टानं चेपला असं समज, तू चेपलेला नाही.

बाबा परत आले की त्यांचं पत्र तुला मीच लिहीन. तुझं कौतुक करतील, ते करणारच, माझ्यासमोर दुसरं करतात काय? जळत जळत लिहीन, पण एक शब्द गाळणार नाही. अक्षर बिघडलं तर समजून घे.

तुझ्यावर लोभ आहे, हे या वेळी कुणी न सांगता लिहिते.

तुझी,
ताई

ता. क. बाबांना आणशील तेव्हा शिंप्याच्या दुकानाशी पोत्यांना हात लावू नकोस. मला तेव्हाही माहीत होतं. खालीच गाडी वळव आणि उलटी वर ये. मी चढावर अर्ध्यापर्यंत खाली येऊन उभी राहीन.